‘नैसर्गिक’ या शब्दाचा पुरावा द्या: आल्बर्टाच्या नियामकांना खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ, आल्बर्टा एनर्जी रेग्युलेटर,
आणि कॅनडाच्या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयातील अंमलबजावणी विभाग

माननीय महोदय आणि महोदया,

मी एडमंटनमध्ये राहणारी विश्लेषक रसायनतज्ज्ञ आहे. फोर्ट मॅकमरीच्या उत्तरेकडच्या, डांबरी वाळूतून तेल काढणाऱ्या खाणपट्ट्यातून येणारे भूजलाचे नमुने तपासणे हे गेली १४ वर्षे माझे रोजचे काम आहे. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्याला वेगळी पाठवली आहे. तेच पत्र मराठीत प्रसिद्ध करण्याचे एक कारण असे की कॅलगरी, एडमंटन आणि फोर्ट मॅकमरी येथे या उद्योगावर पोट असलेले मराठी अभियंते, भूवैज्ञानिक आणि माझ्यासारखे प्रयोगशाळेतले लोक आहेत, आणि ज्या अहवालांविषयी मी लिहिते आहे त्यांतल्या काही पानांवरून त्यांचाही हात फिरलेला असतो. दुसरे कारण जरा खासगी आहे. ‘आढळून आले नाही’ असे इंग्रजीत लिहिण्याची मला इतकी सवय झाली आहे की ते वाक्य आता टोचत नाही. मराठीत लिहायला बसले की ‘आम्ही ते शोधलेच नाही’ असे सरळ लिहावे लागते.

पत्राचे तात्कालिक निमित्त आपल्याला ठाऊक आहे. या खाणींच्या टाकाऊ पाण्याच्या तळ्यांतले पाणी प्रक्रिया करून अथाबास्का नदीत सोडता यावे यासाठी केंद्र सरकारचे नियम गेली काही वर्षे घडत आहेत, आणि २०२५ मध्ये आल्बर्टाच्या खाण-पाणी समितीने केलेल्या शिफारशींतही हा मार्ग आहे. तळी कायमची तशीच ठेवता येणार नाहीत हे मलाही कळते, आणि कोणती प्रक्रिया चांगली याचा वाद मला इथे घालायचा नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे. या तळ्यांतले पाणी जमिनीखालून आजवर कुठपर्यंत पोहोचले आहे, याचा रासायनिक ओळख पटवणारा संपूर्ण नकाशा आपण लोकांसमोर ठेवलेला नाही, आणि एकदा का नळातून पाणी उघडपणे नदीत पडू लागले की नदीत सापडणारे डांबरातले प्रत्येक आम्ल परवान्यातलेच ठरेल. मग बांधाखालून आलेले कोणते आणि नळातून आलेले कोणते, हे कोणालाच सांगता येणार नाही. आणि ज्यांना ते सांगायचे नाही त्यांची चांगलीच सोय होईल.

ज्यांना हा विषय नवा आहे अशा वाचकांसाठी थोडे मागे जाते. अथाबास्काच्या खोऱ्यातले तेल द्रव स्वरूपात नसते. ते वाळूच्या कणांना चिकटलेले घट्ट डांबर असते, आणि ते सोडवण्यासाठी रसायनतज्ज्ञ कार्ल क्लार्क यांनी १९२० च्या दशकात विकसित केलेली गरम पाण्याची पद्धत थोड्याफार फरकाने आजही वापरली जाते. त्या पाण्यात कॉस्टिक सोडा मिसळतात. घरी साबण करताना तेलात सोडा घातला की जे होते तेच इथेही होते: डांबरातल्या सेंद्रिय आम्लांचे क्षार बनतात, ते पाण्यात उतरतात आणि साबणासारखेच वागतात. या आम्लांना नॅफ्थेनिक आम्ले म्हणतात, आणि ताज्या टाकाऊ पाण्यात मासे मरतात त्याला मुख्यतः हीच कारणीभूत असतात. तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरले जात असल्याने त्यात आम्लेही साचत जातात आणि मीठही. पहिली व्यापारी खाण १९६७ साली सुरू झाली. आज तळ्यांमधल्या द्रव गाळाचे एकूण प्रमाण सुमारे १ लाख ४० हजार कोटी लिटर आहे, म्हणजे जवळजवळ ५० टीएमसी. कोयना धरणाच्या साठवणक्षमतेच्या निम्म्याच्या आसपास. तळ्यांचे बांध बहुतेक ठिकाणी खाणीतून निघालेल्या वाळूचेच आहेत, त्यामुळे ते थोडेफार पाझरणार हे बांधतानाच गृहीत धरलेले असते, आणि तो पाझर अडवून परत तळ्यात टाकण्यासाठी चर खणलेले असतात, विहिरी आणि पंप बसवलेले असतात. पाझर होतो की नाही हा वादाचा मुद्दाच नाही. जो अडवला गेला नाही तो कुठे गेला, एवढाच प्रश्न आहे.

या प्रश्नाला गेली अनेक वर्षे एकच उत्तर मिळत आले आहे: त्या भागातल्या भूजलात डांबरातली आम्ले निसर्गतःच असतात. हे उत्तर खोटे नाही, म्हणूनच ते इतके टिकले. अथाबास्का नदी डांबराने भरलेला मॅकमरी थर कापत उत्तरेकडे वाहते, उन्हाळ्यात तिच्या काठांवरून डांबर ओघळताना दिसते, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथून गेलेल्या शोधप्रवासी अलेक्झांडर मॅकेन्झी यांनी या डांबराचे वर्णन लिहून ठेवले आहे. तिथले मूळ रहिवासी क्री आणि डेने लोक होड्यांच्या फटी बुजवायला ते वापरत. तेव्हा एखाद्या विहिरीतल्या पाण्यात लिटरमागे काही मिलिग्रॅम नॅफ्थेनिक आम्ले सापडली, एवढ्यावरून ती तळ्यातली आहेत असे कोणताही प्रामाणिक रसायनतज्ज्ञ म्हणणार नाही. पण तेवढ्याच आकड्यावरून ती नैसर्गिक आहेत असेही म्हणता येत नाही, आणि नेमके हेच दुसरे वाक्य मी अहवालांमागून अहवालांत वाचत आले आहे.

आता जे सांगते ते आपल्या दप्तरात आहेच. २०१४ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्याच शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी दोन तळ्यांतले पाणी आणि वेगवेगळ्या ठिकाणचे भूजल घेऊन तपासणीच्या दोन पातळ्या केल्या. पहिल्या पातळीवर नेहमीच्या तपासण्या होत्या: क्षारांचे रसायन, नॅफ्थेनिक आम्लांचे एकूण प्रमाण आणि प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश टाकल्यावर पाण्यातले पदार्थ कसे चमकतात ते. त्यांवरून पाणी तळ्यातले की निसर्गातले हे खात्रीने वेगळे करता आले नाही. कोणत्या नमुन्यांत आम्ले भरपूर आहेत एवढेच कळले. मग असे निवडक नमुने त्यांनी दुसऱ्या पातळीवर नेले. तिथे उच्च विभेदनाच्या मास स्पेक्ट्रोमीटरने रेणूंचे वस्तुमान इतक्या बारकाईने मोजले जाते की दोन ऑक्सिजन अणूंची आम्ले आणि चार अणूंची आम्ले यांचे गुणोत्तर काढता येते, आणि हे गुणोत्तर तळ्याच्या पाण्यात व नैसर्गिक भूजलात वेगळे निघाले. त्याच नमुन्यांत, द्विमितीय गॅस क्रोमॅटोग्राफीने, एकाच सुगंधी (बेंझिनसारख्या) वलयाची आम्ले असावीत अशी दोन कुळे ओळखीच्या खुणा म्हणून सापडली. दोन तळ्यांजवळच्या भूजलाचे ६ नमुने तळ्याच्या पाण्याशी जुळले. त्या सहांपैकी दोन नमुने नदीच्या तळाखाली एक मीटरही खोल नसलेल्या, वर चढत येणाऱ्या भूजलाचे होते. हे पाणी नदीपर्यंत पोहोचत असावे असे त्यांनी संयत शब्दांत लिहिले आहे, आणि मीही तेवढेच म्हणते. त्यानंतर २०२० मध्ये याच पद्धती अधिक काटेकोर करून पुन्हा मांडल्या गेल्या. आम्लांच्या कार्बोक्सिल गटातल्या कार्बनची समस्थानिके मोजण्याची आणखी एक वाटही शोधली गेली आहे.

क्रोमॅटोग्राफीचे हे चित्र ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना ते कसे दिसते ते सांगायला हवे, कारण वादाचे मूळ तिथेच आहे. नमुना आम्लधर्मी करून त्यातली सेंद्रिय आम्ले डायक्लोरोमिथेनमध्ये ओढून घेतात, त्यांचे एस्टर बनवतात आणि मग ते एकामागून एक जोडलेल्या दोन स्तंभांतून सोडतात. पहिला स्तंभ रेणूंना साधारणपणे उत्कलनबिंदूनुसार वेगळे करतो. दर काही सेकंदांनी त्याच्यातून बाहेर पडणारा भाग थंड झोताने गोठवून, लगेच तापवून, दुसऱ्या स्तंभात ढकलला जातो, आणि तिथे त्याची ध्रुवीयतेनुसार पुन्हा विभागणी होते. पडद्यावर उमटते ती ठिपक्यांची रांगोळी. साध्या क्रोमॅटोग्राफीत हेच मिश्रण एका मोठ्या, गुळगुळीत टेकाडासारखे दिसते, आणि त्या टेकाडाखालचे क्षेत्रफळ म्हणजे अहवालातला ‘एकूण नॅफ्थेनिक आम्ले’ हा आकडा. दोन वेगळ्या उगमांची टेकाडे सारख्याच उंचीची असू शकतात. रांगोळ्या मात्र सारख्या नसतात. कुठे ठिपक्यांची एक तिरकी ओळ ठळक असते, कुठे ती ओळच नसते. पहिल्यांदा दोन चित्रे शेजारी ठेवून पाहिली तेव्हा मला एखादा अल्गोरिदम लागला नव्हता, नुसते डोळे पुरले होते. अर्थात डोळ्यांवर कोणी अहवाल लिहू नये, त्यासाठी सांख्यिकी आहे. पण ज्याने टेकाड आणि रांगोळी दोन्ही पाहिली आहेत त्याला ‘फरक सांगता येत नाही’ हे वाक्य लिहिताना अडखळायला हवे.

मी अडखळले नाही, हे इथे कबूल करते. काही वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत एका खाणीच्या बांधाजवळच्या निरीक्षण विहिरींचे नमुने आमच्याकडे आले होते. ती खाण, सल्लागार कंपनी आणि माझी तेव्हाची प्रयोगशाळा यांची नावे मी घेणार नाही. या पत्राचा हेतू कोणा एकाला पकडण्याचा नाही. शीतपेटी उघडली तेव्हा एका बाटलीच्या मानेवर बर्फाची कडी होती, आणि त्या विहिरीत सोडियम, क्लोराइड व आम्ले तीन वर्षांपासून हळूहळू चढत होती. करारात फक्त एकूण आम्लांची तपासणी होती. यंत्र मोकळे होते म्हणून, काहीशा कुतूहलाने, मी तो एक नमुना द्विमितीय यंत्रावर चालवला. चित्र तळ्याच्या पाण्याच्या चित्रासारखे आले. मी ते जोडपत्रात घातले. चार दिवसांनी सल्लागारांचा निरोप आला की करारात नसलेली तपासणी अहवालात नको, आणि शेवटच्या वाक्यात ‘नैसर्गिक चढउताराच्या मर्यादेत’ हे शब्द असावेत. मी चित्र काढून टाकले आणि ते शब्द लिहिले. कोणी मला धमकावले नव्हते. करारात नव्हते, एवढेच कारण पुरले, आणि ते कारण पुरेसे ठरावे अशी व्यवस्था नियमांनी करून ठेवली आहे.

म्हणून माझी पहिली तक्रार परवान्याच्या अटींविषयी आहे. पहिल्या पातळीच्या तपासण्यांनी उगम ठरत नाही हे शास्त्रज्ञांनी २०१४ मध्येच लिहून ठेवले. तरीही आम्ले वाढलेल्या विहिरीचा नमुना दुसऱ्या पातळीवर न्यावाच लागेल, अशी अट माझ्या टेबलावर आलेल्या एकाही करारात मला आजवर दिसलेली नाही. ज्या मोजपट्टीने उत्तर मिळत नाही हे माहीत आहे तीच दर वर्षी वापरायची आणि दर वर्षी उत्तर मिळाले नाही म्हणून सांगायचे, याला देखरेख म्हणणे मला जड जाते.

दुसरी तक्रार केंद्रीय अंमलबजावणी विभागाकडे आहे. मासे असलेल्या पाण्यात अपायकारक पदार्थ सोडण्यास मत्स्यव्यवसाय कायद्याच्या कलम ३६ (३) ने मनाई आहे, आणि त्यात ‘पाइपातून’ असे कुठेही लिहिलेले नाही. २००९ ते २०१४ या काळात आपल्या अधिकाऱ्यांनी तळ्यांभोवती पाहणी केली, नमुने घेतले, आणि आम्ले नैसर्गिक की औद्योगिक हे सिद्ध करता येत नाही या अडचणीपाशी ते काम थांबले. ते ज्या वर्षी थांबले त्याच वर्षी आपल्याच मंत्रालयातून वरचा अभ्यास बाहेर पडला. या योगायोगावर मी काही टिप्पणी करत नाही. पुढे २०२० मध्ये उत्तर अमेरिकेच्या पर्यावरण सहकार्य आयोगाने आपल्या तथ्य-अहवालात, तळ्यांजवळच्या भूजलात टाकाऊ पाणी पाझरत असल्याचा शास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य पुरावा आहे असे नोंदवले, आणि त्यालाही आता बरीच वर्षे झाली.

तिसरी तक्रार कळवण्याविषयी आहे, आणि ती सांगताना केर्ल खाणीचे उदाहरण टाळता येत नाही, कारण ते सार्वजनिक नोंदीत आहे. मे २०२२ मध्ये तिथे रंग बदललेले पाणी जमिनीवर दिसले. ते तळ्याचे पाणी आहे हे पुढे स्पष्ट झाले, तरी नदीच्या प्रवाहाच्या खालच्या बाजूला राहणाऱ्या फर्स्ट नेशन्सना, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजांना, त्याची नीट माहिती मिळाली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये, जेव्हा दुसऱ्या एका तळ्यातून ५३ लाख लिटर पाणी बाहेर पडले आणि नियामकाला आदेश काढावा लागला. केंद्रीय मंत्रालयालाही पाझराची बातमी तेव्हाच लागली. नियामकाच्या तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी एप्रिल २०२३ मध्ये संसदीय समितीसमोर दिलगिरी व्यक्त केली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीला ५० हजार डॉलरचा दंड झाला. त्या नऊ महिन्यांत तिथले लोक शिकार करत होते, मासे पकडत होते, घरी नेत होते. त्यांचा हा हक्क मूळ रहिवाशांशी झालेल्या १८९९ च्या आठव्या तहात लिहिलेला आहे.

प्रवाहाच्या खालच्या बाजूच्या फोर्ट चिपेवायन या वस्तीत मी दोनदा गेले आहे, एकदा हिवाळ्यात बर्फाच्या रस्त्याने आणि एकदा विमानाने. तिसरी वाट होडीची. तिथे एका आजीबाईंनी मला फ्रीजमधला व्हाइटफिश दाखवून विचारले होते, ‘तू रोज पाणी तपासतेस ना, मग सांग, हा खाऊ का?’ मला उत्तर देता आले नाही. तिथल्या कर्करोगांविषयी २००९ मध्ये आल्बर्टाच्याच कॅन्सर बोर्डाने १९९५ ते २००६ या काळातले ५१ रुग्ण-निदान मोजले, जिथे ३९ अपेक्षित होते. त्यातून पाण्याचा दोष सिद्ध होत नाही, वस्ती लहान आहे, आकडे थोडे आहेत, आणि मी तसा दावा करणार नाही. पण दावा करता येत नाही तिथे निदान मोजमाप तरी नीट व्हावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आमच्याच क्षेत्रातले लोक या पद्धतीच्या मर्यादा पुढे करतील, म्हणून त्या मीच सांगते. आम्लांच्या या रासायनिक ठशावरून उगम कळतो, प्रमाण कळत नाही. दिवसाला किती लिटर पाझरले हे त्यातून निघत नाही. प्रत्येक तळ्याचे पाणी वेगळे असते आणि एकाच तळ्याचेही वर्षागणिक बदलते. जमिनीतून जाताना काही आम्ले मातीला चिकटतात, काही जिवाणू खातात, त्यामुळे ठसा पुसट होतो, आणि बांधापासून दूरच्या विहिरीत निष्कर्ष काढताना हात आखडता घ्यावा लागतो. हे सगळे खरे आहे, आणि या सगळ्यावरचा उपाय अधिक नमुने, अधिक वेळा घेतलेले, हाच आहे. आजवर या मर्यादांचा उपयोग मात्र उलट, कमी नमुने घेण्यासाठी झाला.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत. ज्या निरीक्षण विहिरीत आम्ले किंवा क्षार सलग वाढत असतील तिथे दुसऱ्या पातळीची तपासणी परवान्याची अट म्हणून सक्तीची करावी, आणि बांधाजवळच्या विहिरींवर न थांबता नदीच्या व उपनद्यांच्या तळाखालचे, वर येणारे भूजलही दर वर्षी घ्यावे. ‘नैसर्गिक पार्श्वभूमी’ किंवा ‘नैसर्गिक चढउतार’ हे शब्द अशा तपासणीच्या पुराव्याशिवाय कोणत्याही अहवालात स्वीकारू नयेत. ते सिद्ध करण्याची जबाबदारी परवानाधारकाची असावी, नदीकाठी राहणाऱ्यांची नव्हे. केवळ तक्ते न देता मूळ स्पेक्ट्रम आणि क्रोमॅटोग्रामच्या फाइली सर्वांना उतरवून घेता येतील अशा ठेवाव्यात. पाझराचा संशय येताच, तो सिद्ध होण्याची वाट न पाहता, प्रवाहाखालच्या वस्त्यांना आणि केंद्रीय मंत्रालयाला २४ तासांत कळवावे. आणि हा नकाशा पूर्ण होऊन लोकांसमोर येईपर्यंत प्रक्रिया केलेले पाणी नदीत सोडण्याचा एकही परवाना देऊ नये.

शेवटची मागणी दिसायला लहान आहे, पण तिच्यावाचून बाकीच्या मागण्या कागदावरच राहतील. प्रत्येक तळ्याचे पाणी दर वर्षी भरून, गोठवून, नियामकाच्या ताब्यात कायमचे जपून ठेवावे, आणि त्यातला हिस्सा मिकिसू क्री व अथाबास्का चिपेवायन या फर्स्ट नेशन्स आणि तिथले मेती (मिश्र वंशाचे मूळ रहिवासी) लोक ज्या प्रयोगशाळेची निवड करतील तिला मागताक्षणी मिळावा. तळ्याचा ठसा हाताशी नसेल तर विहिरीचा ठसा कशाशी जुळवायचा? आज तळ्याचा नमुना हवा असेल तर तळ्याच्या मालकाची परवानगी लागते. आणि विहिरींच्या नमुन्यांचे म्हणाल, तर अहवाल पोचल्यावर ९० दिवसांनी ते टाकून द्यायचे असा आमच्या त्या प्रयोगशाळेचा नियम होता. त्या जानेवारीतली बाटली एप्रिलमध्ये मीच रिकामी केली.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहते. ते मिळाल्यावर, अनुकूल असो वा नसो, मी ते जसेच्या तसे याच वाचकांसमोर ठेवीन.

आपली,
एक विश्लेषक रसायनतज्ज्ञ
एडमंटन, आल्बर्टा